बरोबर पासवर्ड, तरीही बंद दार

लातूरच्या एका महाविद्यालयातील ही संगणक प्रयोगशाळा आहे. सकाळच्या एसटीने औसा, रेणापूर, निलंगा येथून आलेले विद्यार्थी इथल्या वीस संगणकांवर आळीपाळीने बसतात, मात्र प्रत्येकाचे काम कोपऱ्यातील एकाच सर्व्हरवर साठवलेले असते. कोणत्याही खुर्चीवर बसून यूजरनेम आणि पासवर्ड दिला की आपल्या फायली समोर याव्यात, अशी ही व्यवस्था आहे. आज खिडकीजवळच्या सात क्रमांकाच्या संगणकावर बसलेल्या विद्यार्थिनीला मात्र आत जाता येत नाही. तिने पासवर्ड तीनदा दिला, तिन्ही वेळा लॉगिन अयशस्वी झाल्याचा तोच संदेश आला आणि प्रात्यक्षिकाची पंधरा मिनिटे निघून गेली.

हा संदेश त्रोटक असतो, तो जाणूनबुजून. नाव बरोबर आहे, फक्त पासवर्ड चुकला, असे यंत्र सांगू लागले, तर इथे कोणाकोणाची खाती आहेत हे परक्या माणसालाही बसल्या जागी कळेल. म्हणून यंत्र दारात कमी बोलते आणि कारण आतल्या लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, लिहून ठेवते. विद्यार्थ्याला तो लॉग उघडता येत नाही, आणि ज्यांना उघडता येतो त्या प्रयोगशाळा सहायकांपर्यंत ‘सर, लॉगिन होईना’ एवढेच वाक्य पोहोचते. किती वाजता, कोणत्या संगणकावर आणि नेमका कोणता संदेश दिसला, या तीन गोष्टी त्यासोबत सांगितल्या तर अर्धे काम तिथेच होते.

एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात १९६१ साली दाखवण्यात आली. फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या त्या सीटीएसएस प्रणालीत प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. १९६६ मध्ये मात्र तिथे दोन तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी दिसू लागली. पासवर्ड जसाच्या तसा साठवणे किती धोक्याचे आहे, हे त्या घटनेने दाखवून दिले. पुढे १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्स या संगणक प्रणालीतील पद्धत मांडली. तीत मूळ पासवर्ड न ठेवता, प्रत्येक खात्यासाठी वेगळा यादृच्छिक अंश मिसळून, उलट फिरवता न येणारे त्याचे रूपच ठेवले जाते. ‘सर, माझा पासवर्ड काय होता, तेवढे सांगा’ या विनंतीवर सहायक नवा पासवर्ड देतात, कारण जुना त्यांनाही दिसत नाही.

मराठी टंकलेखन चालणाऱ्या प्रयोगशाळेत एक अडचण वारंवार येते. आधीच्या विद्यार्थ्याने कीबोर्ड इन्स्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर ठेवला असेल, तर इंग्रजी के दाबल्यावर ‘क’ उमटतो, पण पासवर्डच्या चौकटीत दोन्ही अक्षरांचा ठिपका सारखाच दिसतो. असा पासवर्ड दहा वेळा दिला तरी दहाही वेळा चुकतो, आणि काही ठिकाणी ठरावीक प्रयत्नांनंतर खाते थोडा वेळ बंदही होते. पासवर्डाची अक्षरे आधी यूजरनेमच्या चौकटीत टाइप करून पाहा, असा सल्ला काही जण देतात. तो धोक्याचा आहे, कारण शेजारी बसलेल्याला ती दिसतात आणि चुकून एंटर दाबले गेले तर लॉगमध्येही उमटतात. त्या चौकटीत एखादे वेगळे अक्षर दाबून कीबोर्ड तपासता येतो, तेवढेच करावे.

कधी पासवर्ड स्वीकारला जातो, पडदा क्षणभर काळा होतो आणि लॉगिनची चौकट पुन्हा समोर येते. अशा वेळी सर्व्हरवरील विद्यार्थ्याच्या वाट्याची जागा भरली आहे का, ते आधी पाहावे. आत जाताना काही छोट्या फायली लिहाव्या लागतात आणि त्यांनाच जागा उरलेली नसते.

छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड येथील विद्यापीठात बसून दूरच्या महासंगणकावर काम करणाऱ्या संशोधकांचा मार्ग एसएसएचचा, म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करून देणाऱ्या पद्धतीचा, असतो. नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेल्याच्या प्रकारानंतर फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये तो तयार केला. इथे सर्वाधिक चूक होते ती परवानग्यांमध्ये. मित्राला फाईल घेता यावी म्हणून कोणी आपल्या संपूर्ण होम डिरेक्टरीला, म्हणजे स्वतःच्या फायलींच्या कप्प्याला, ७७७ परवानगी (कोणीही वाचावे, लिहावे, चालवावे) देतो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची चावी, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाईल, चालत नाही. ज्या डिरेक्टरीत कोणालाही लिहिता येते तिथल्या चावीवर सर्व्हर सहसा विश्वास ठेवत नाही आणि वापरकर्त्याला कारण न सांगता पासवर्ड मागू लागतो. चावीच्या डिरेक्टरीला ७०० आणि खासगी चावीला ६०० या फक्त मालकापुरत्या परवानग्या, आणि होम डिरेक्टरीत इतरांना लिहिण्याची मनाई, एवढे केले की ती पुन्हा चालते. सर्व्हरची ओळख बदलल्याची ठळक सूचना आली, तर मात्र ती पुसून पुढे न जाता आधी ॲडमिनिस्ट्रेटरला विचारावे, कारण समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही, हाच तिथे प्रश्न असतो.

एकच पासवर्ड साऱ्या बॅचने वापरणे हा प्रकार मला सर्वांत जास्त खटकतो. त्यामुळे लॉगमधील नाव कोणाचेच राहत नाही आणि चूक शोधण्याचा एकमेव धागा तुटतो.

सात क्रमांकाच्या संगणकाकडे परत येऊ. सहायकांनी त्या विद्यार्थिनीला शेजारच्या आठ क्रमांकावर लॉगिन करून पाहायला सांगितले, आणि ते लगेच झाले. म्हणजे खाते आणि पासवर्ड ठीक होते, दोष त्या एका यंत्रात होता. इथली ओळख तपासणारी व्यवस्था कर्बेरॉसची आहे. ती एमआयटीच्या अथेना प्रकल्पातून आली आणि दोन्ही बाजूंच्या घड्याळांत सर्वसाधारणपणे पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक ती चालवून घेत नाही, कारण जुना संदेश पकडून कोणी पुन्हा वापरू नये. लॉगमध्ये ‘क्लॉक स्क्यू टू ग्रेट’, म्हणजे घड्याळांतील फरक फार मोठा, ही ओळ होती. रात्री पावसात वीज गेली होती, वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारी मदरबोर्डवरील तीन व्होल्टची बॅटरी संपलेली होती आणि सकाळी इंटरनेट बंद असल्यामुळे वेळ आपोआप दुरुस्त झाली नव्हती. संगणक काही वर्षे मागच्या एक जानेवारीत उभा होता. सहायकांनी झाकण उघडून नाण्याएवढी नवी बॅटरी बसवली, तारीख घातली, आणि विद्यार्थिनीने तोच पासवर्ड त्या संगणकावर चौथ्यांदा दिला. तिची कालची अर्धवट फाईल उघडली आहे.