सत्तर मीटर, एक टेप

(दृश्य: पहाटेचं मोकळं मैदान)

अजून एकही धनुष्य पेटीबाहेर आलेलं नाही. मैदानावर चार माणसं आहेत, एक लांबलचक टेप आणि फक्कीची बादली. तिरंदाजीच्या राष्ट्रीय महासंघाची स्पर्धा इथून सुरू होते. आज रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य. त्याचं अंतर ७० मीटर. टेपला झोळ आला की ताणून परत मोजायचं. मग टार्गेट उभी राहतात, १० ते १५ अंश मागे कललेली. वर्तुळांचा मध्य जमिनीपासून १३० सेंटिमीटरवर येतोय ना, हे प्रत्येकापाशी वाकून बघायचं. एकाचं टार्गेट बुटकं, शेजारच्याचं उंच, असं चालत नाही.

(दृश्य: तपासणीचं टेबल, बाणांचा जुडगा)

प्रत्येक बाणावर तिरंदाजाचं नाव किंवा आद्याक्षरं हवीत. कांडी ९.३ मिलिमीटरपेक्षा जाड नको. पिसं, नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच), रंग, सगळं एकसारखं. तपासणारे हे पंच महासंघानंच तयार केलेत: नियम शिकवून, परीक्षा घेऊन, उन्हात उभं करून. महासंघ म्हटलं की डोळ्यांपुढे पदाधिकारी आणि हारतुरे येतात. आमचा कॅमेरा मात्र या टोपीवाल्यांच्याच मागे फिरत राहिला, आणि त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही.

(दृश्य: बाण आणि रेषा, अगदी जवळून)

हा बाण नीट बघा. लाल आणि पिवळ्याच्या सीमेवर रुतलाय. आठ की नऊ? तिरंदाज म्हणतो नऊ, शेजारचा मान हलवतो. आता बाणाला कुणीही हात लावायचा नाही. पंच येतात, खिशातून भिंग काढतात. एका बाजूनं बघतात. दुसऱ्या बाजूनं बघतात. कांडी रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण. नऊ. विषय संपला, पंचांचा शब्द अखेरचा.

आता पेन बघा. बाण उपसताना प्रत्येक भोकापाशी खूण केली जाते. पुढच्या खेपेला एखादा बाण आपटून खाली पडला, तर बिनखुणेचं भोक शोधायचं आणि त्याचे गुण द्यायचे. खूण करायला विसरलात तर भांडत बसा.

(दृश्य: सांघिक लढत, वरचं घड्याळ)

तिघांचा संघ, प्रत्येकी दोन बाण, १२० सेकंद. नेम धरायला रेषेवर एका वेळी एकच. बाकीचे दोघे एक मीटर मागे. पाऊल घाईनं पुढे पडलं की पंचांच्या हातात पिवळं कार्ड. म्हणून महासंघाच्या शिबिरात नेमाइतकाच या ये-जा करण्याचा सराव चालतो. पहिला कोण, शेवटचा बाण कुणाचा, मागे येणाऱ्यानं कुठल्या बाजूनं वळायचं. बाण न लावता, नुसती पावलं. बघणाऱ्याला कवायत वाटेल.

(दृश्य: निवड चाचणी, गुणफलक)

परदेशातल्या मोठ्या स्पर्धेसाठी देशाच्या संघाची नावं राष्ट्रीय महासंघच पाठवतो. संघात तिघं. चौथ्या क्रमांकाचा घरी जातो.

(दृश्य: एक तिरंदाज धनुष्याचे भाग सुटे करून पेटीत ठेवतो. निवेदन नाही.)

(दृश्य: संध्याकाळ, तीच चार माणसं)

उद्या कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य. टार्गेटवरचे १२२ सेंटिमीटरचे कागद उतरले, ८० सेंटिमीटरचे निघाले. टार्गेट २० मीटर पुढे आणायची आहेत. टेप कुठाय?