तेलाची पाचर

मंडळी, ही वस्तू आधी नीट बघून घ्या. नळी उभी चिरून दोन फाका केल्या, तर त्यातली एक फाक अशी दिसेल. इंजिनात पिस्टनचा जोर फिरणाऱ्या आसापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या, मोठ्या टोकात बसणारा हा बेअरिंगचा शेल, आसाला आधार देणारं अर्धं कवच. आतली बाजू करड्या, मऊ धातूची. पण इथे मधोमध तो थर निघून गेलाय आणि खालचं लालसर तांबं दिसतंय. इंजिन एवढं फिरलं, घासून घासून असं झालं, असं आपण सहज म्हणून जातो. मला वाटतं, यात फिरण्यावर थोडा अन्याय होतो. बेअरिंगला खरा त्रास होतो तो फिरायला लागताना आणि थांबताना.

तेल धातूला गुळगुळीत करतं आणि मग दोन भाग एकमेकांवर सहज घसरतात, ही समजूत फार पक्की बसलेली आहे. १८८०च्या दशकात इंग्लंडमध्ये बोशॉं टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. आस खालून तेलात बुडालेला, वर बेअरिंग, आणि बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडायला भोक. यंत्र सुरू झालं की त्या भोकातून तेल आत जायच्या ऐवजी वर उसळायला लागलं. त्यांनी बूच मारलं, ते बाहेर आलं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकली. मग त्यांनी तिथे दाबमापकच जोडला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड होता, आणि काटा २००च्या पुढे गेला! म्हणजे तेल नुसतं मध्ये पसरलेलं नव्हतं, त्यानं सगळा भार उचलून धरला होता.

त्याचं गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडलं. आस बेअरिंगच्या बरोबर मध्यावर कधीच नसतो, भारामुळे तो एका बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे फट एकीकडे रुंद आणि पुढे निमुळती होत जाते. फिरणारा आस चिकट तेलाला ओढत त्या निमुळत्या भागात नेतो. तेलाला पटकन निसटता येत नाही, दाब चढतो, आणि तेलाची पाचर आसाला उचलून धरते. सर्वांत अरुंद जागी हा थर काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागांचा असतो. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरा. तेवढ्यावर सगळं तरंगतं. पण पाचर ठोकते कोण? गती. गती थांबली की आस खाली बसतो आणि धातूला धातू लागतो.

आता गजन पिनकडे या, मला सगळ्यात जास्त कौतुक तिचंच वाटतं. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी ही पिन पूर्ण फिरतच नाही, नुसती इकडून तिकडे डुलते. पाचर तयार व्हायला पुरेशी ओढ तिथे मिळत नाही. तरी ती टिकते, कारण दाबलेलं तेल फटीतून बाहेर पडायला थोडा वेळ घेतं. मिनिटाला ३००० फेरे असतील तर स्फोटाचा दणका जेमतेम १० मिलिसेकंदांचा. तेल पुरतं निसटायच्या आत तो संपतो. चार-स्ट्रोक इंजिनात पुढे भाराची दिशा उलटते, पिन दुसऱ्या बाजूला सरकते आणि रिकाम्या झालेल्या फटीत ताजं तेल शिरतं. टू-स्ट्रोकमध्ये भार बहुतेक वेळ एकाच बाजूनं येतो, म्हणून लहान इंजिनांत तिथे सहसा सुईसारखे बारीक रोलर बसवतात.

पिस्टनभोवती बसवलेल्या, सिलिंडरला घासणाऱ्या रिंगांचंही तेच. वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो. तिथेच वायूचा दाब आणि उष्णताही जास्त. जुन्या सिलिंडरमध्ये वरून आत बोट घालून नख फिरवा, जिथे सर्वांत वरची रिंग पोचून परतते तिथे एक कडा नखाला अडकते. तिच्या वर रिंग पोचतच नाही, म्हणून तिथला धातू शिल्लक राहतो. खाली झीज होते.

अशा क्षणांसाठी तेलात जस्त आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. घासणाऱ्या पृष्ठभागावर ती एक पातळ थर तयार करतात. धातूऐवजी तो झिजतो आणि पुन्हा तयार होतो. गार इंजिन सुरू केल्यावर पंपाचं तेल सगळ्या बेअरिंगांपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो. त्या वेळात ॲक्सिलरेटर दाबू नका. त्या वेळात या शेलला त्या थराचा आणि आधीच्या वेळचं जे तेल फटीत उरलं असेल त्याचाच आधार असतो.