कॅम्प संपल्यावर त्या गावात कोण उरतं?

नमस्कार मंडळी. मागच्या मेडिकल कॅम्पचे फोटो ग्रुपवर बघून बऱ्याच जणांनी विचारलं की आम्हीही येऊ का, म्हणून कमिटीनं आज मला उभं केलंय.

विल्सन एअरपोर्टवरून फ्लाइंग डॉक्टर्सची विमानं उडताना आपण नैरोबीकर नेहमी बघतो. हे काम १९५७ साली मायकेल वुड, आर्चिबाल्ड मॅकिंडो आणि टॉम रीस या तीन प्लास्टिक सर्जननी सुरू केलं, त्यातले मॅकिंडो म्हणजे महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांचे चेहरे आणि हात दुरुस्त करणारे, आणि वुड तर स्वतः विमान चालवायचे. खेड्यातल्या माणसाला तेव्हा सर्जन दिसणंच मुश्कील, रस्ते नाहीत, फोन नाहीत, मग लांबच्या मिशन हॉस्पिटल्समध्ये दोन्हीकडून बोलता येणारे रेडिओ बसवले आणि सर्जन विमानानं तिथं जाऊन ऑपरेशन्स करायला लागले. मला या लोकांबद्दल प्रचंड आदर आहे.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांचं केनियाच्या वायव्येकडच्या तुर्कानातलं काम. हायडॅटिड नावाचा आजार जगात सगळ्यात जास्त असलेल्या भागांपैकी तो एक होता. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी माणसाच्या पोटात जातात आणि लिव्हरमध्ये पाण्यानं भरलेली गाठ वर्षानुवर्षं वाढत राहते, पोट एवढं फुगतं की बाईला दिवस गेलेत असं वाटावं. सर्जन जायचे, गाठी काढायचे, पण घराघरात कुत्री तशीच आणि पाणीही तेच, त्यामुळे नवे पेशंट येतच राहायचे. मग १९८०च्या दशकात नुसत्या ऑपरेशनवर न थांबता कुत्र्यांना जंताचं औषध देणं, अल्ट्रासाऊंडनं गाठ लवकर शोधणं, गाठीवर अल्बेंडाझोलच्या गोळ्या आणि घरोघरी जाऊन समजावणं, हे सगळं एकत्र सुरू झालं. आणि हे समजावायला तिथलीच माणसं लागतात हो, पाहुण्या डॉक्टरचं कोण ऐकणार!

आपल्या महाराष्ट्रात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच केलं. ज्यांनी शाळा पाहिली नव्हती अशा गावातल्या बायकांना त्यांनी बाळंतपण, जुलाब, लहान मुलांचे आजार सांभाळायला शिकवलं, आणि आफ्रिकेतले लोकसुद्धा ते शिकायला जामखेडला गेलेत. मला याचा फार अभिमान वाटतो.

आता आपल्या कॅम्पचं बघा. एका दिवसात आपण शेकडो लोक तपासतो, कुणाचं बीपी सापडतं, कुणाची शुगर, महिन्याच्या गोळ्या देतो आणि संध्याकाळी गाड्या परत. गोळ्या संपल्या की पुढे काय? बीपी काही महिन्यात बरं होणारा आजार नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की दर वेळी नवीन गाव शोधायचं नाही, एकच भाग धरायचा आणि तिथं परत परत जायचं. केनिया सरकारनं २०२३ मध्ये जवळपास १ लाख कम्युनिटी हेल्थ प्रमोटर्सना, म्हणजे वस्तीतल्याच आरोग्यसेवकांना, किट देऊन कामाला लावलंय, त्यात बीपीचं मशीनही आहे, तर त्या भागातल्या प्रमोटर्सना आणि डिस्पेन्सरीच्या नर्सला पहिल्यापासून सोबत घ्यायचं, पेशंटची यादी त्यांच्याकडे द्यायची, फॉलोअप त्यांच्यामार्फत करायचा आणि फोटोपेक्षा रजिस्टर नीट भरायचं.

भारतातून मित्र डॉक्टर बोलवणार असाल तर इथल्या मेडिकल कौन्सिलचं लायसन्स आधी काढावं लागतं, ऐनवेळी होत नाही. आणि डॉक्टर नसलेल्यांनी मागे राहू नका, रजिस्टर लिहायला, औषधांचा हिशेब ठेवायला, स्वाहिलीत बोलायला माणसं कमी पडतात, आपली कॉलेजमधली पोरं तर उत्तम स्वाहिली बोलतात. ज्यांना यायचंय त्यांनी जेवणाच्या आधी माझ्याकडे नाव द्या, पण वर्षभर येणार असाल तरच.