फुल माउथ करताय? आधी टेम्पररी दातांचं विचारा

नमस्कार मंडळी. मागचा व्हिडिओ होता रूट कॅनालचा आणि खाली कमेंट बघते तर काय, "ताई फुल माउथवर बोला", "बाबांना सगळे दात करायला सांगितलेत, करू का", आणि एक दादा तर रोज येऊन "फक्त रेट सांगा" एवढंच लिहितात. दादा, तोंड न बघता रेट कसा सांगू? कोणाला सहा इम्प्लांट (म्हणजे दातासाठी हाडात बसवायचे स्क्रू) लागतात, कोणाला एकही नाही, आणि कॅप मेटल-सिरॅमिकची की झिरकोनियाची यावर पण आकडा हलतो. जो फोनवर रेट सांगतो त्याच्याकडे मी तरी जाणार नाही.

बेसिक पटकन उरकते. फुल माउथ म्हणजे वरच्या-खालच्या सगळ्या दातांचं काम एकत्र प्लॅन करून करायचं. अक्कलदाढा सोडल्या तर २८ दात. सगळे उपटायचे असा अर्थ नाही हां! चांगले असतील ते राहतात, काहींवर कॅप, जिथे दात नाही तिथे ब्रिज (बाजूच्या दातांना धरून बसवलेला दात) किंवा इम्प्लांट. कोणाला लागतं? रात्री झोपेत दात खाऊन खाऊन झिजवलेले, जुनी ॲसिडिटी असलेले, वर्षानुवर्षं मिश्री लावलेल्या आज्या, आणि एकेक दाढ काढत गेले पण बदल्यात काही बसवलं नाही असे. हिरड्या आणि कीड आधी ठीक करायची, मग ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे), गरज असेल तर सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन), मापं, फोटो. झालं बेसिक.

आता ज्यासाठी कॅमेरा लावलाय ते. टेम्पररी दात.

दात झिजले की बऱ्याच जणांच्या चाव्याची उंची कमी होते, म्हणजे तोंड मिटल्यावर हनुवटी आणि नाक जवळ येतात, ओठांचे कोपरे चिरतात, चेहरा आहे त्यापेक्षा म्हातारा दिसतो. ही उंची आपण कॅपने परत वाढवतो. पण किती वाढवायची? एक्स-रेत त्याचा आकडा लिहिलेला नसतो. आम्ही अंदाज बांधतो, अभ्यास करून बांधतो, तरी तो अंदाजच. तो बरोबर आहे की नाही हे तुमचे जबड्याचे स्नायू आणि कानापुढचा सांधा सांगणार, आणि ते काही खुर्चीत बसल्या बसल्या अर्ध्या तासात बोलत नाहीत. म्हणून आधी प्लास्टिकचे, म्हणजे ॲक्रिलिकचे दात, त्याच उंचीला बनवून काही आठवडे, कधी काही महिने वापरायला देतो. सकाळी उठल्यावर कानशिलं दुखतात का, जबडा दमतो का, एकाच बाजूने चावताय का, हे सगळं त्यात कळतं. ब्लाउज कच्च्या शिलाईवर घालून बघतो ना, तसं.

आणि नेमकी हीच पायरी लोकांना नको असते! "मॅडम टेम्पररी कशाला, डायरेक्ट फिक्सच करा ना, पंधरा दिवसांवर मुलीचं लग्न आलंय." अहो मग टेम्पररीवर करा की लग्न. नीट बनवलेले टेम्पररी दात फोटोत कोणाला ओळखू येत नाहीत. लग्नाच्या तारखेला जबड्याचे स्नायू ओळखत नाहीत, बाकी सगळं ठीक आहे.

एकांनी लिहिलंय की आता स्कॅनर आलेत, सगळं डिजिटल झालंय, मग ट्रायल कशाला. छान प्रश्न. स्कॅनरमुळे मापासाठी तोंडात भरायचा तो मसाला वाचला, उलटी येणाऱ्यांची सुटका झाली, मीपण वापरते. पण स्कॅनर दाताचा आकार घेतो. तुम्ही रात्री किती जोरात दात खाता ते त्याला कुठे माहीत?

आता बोलण्याचं. माझ्याकडे लालबागचे एक काका होते, भजनी मंडळात गाणारे. टेम्पररी लावले, आरशात बघून खूश, घरी गेले. पुढच्या आठवड्यात हजर. म्हणाले, "डॉक्टर, जेवण मस्त चाललंय, पण अभंगात प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजते, पखवाजवाला हसतो." मी त्यांना एकसष्टपासून अडुसष्टपर्यंत आकडे म्हणायला लावले. ही आमची नेहमीची टेस्ट, मराठीत तर 'स' आणि 'ष्ट' चांगले ठासून भरलेत त्यात. पुढच्या दातांच्या मागे थोडी भर घातली, कडा थोडी घासली, परत म्हणायला लावलं, असं दोन-तीनदा करून शिट्टी गेली. हेच फायनल कॅपवर झालं असतं तर?

तर काय, ते सांगते. ॲक्रिलिकमध्ये घासता पण येतं आणि भर पण घालता येते, तिथल्या तिथे. झिरकोनिया थोडंफार घासून पॉलिश करता येतं, पण उंची कमी पडली तर त्यावर भर नाही घालता येत, कॅप तोडून परत लॅबला. खर्च परत, वेळ परत, आणि आतला तुमचा दात कॅपसाठी आधीच घासलेला असतो, ते इनॅमल काही परत उगवत नाही. म्हणून कुठल्याही क्लिनिकमध्ये जा, माझ्याकडे नका येऊ, पण पैसे भरायच्या आधी विचारा, "टेम्पररी किती आठवडे ठेवणार, आणि त्या काळात चावा किती वेळा तपासणार?" उत्तर देताना डॉक्टर चिडले तर काय समजायचं ते समजा.

आणि टेम्पररी लावल्यावर पेज पीत बसू नका, मग ट्रायल कसली? भाकरी खा, मटण खा. फक्त चिक्की, चकली, बर्फ नको. आणि निघाला तर दुसऱ्या दिवशी या, रुमालात बांधून रविवारची वाट बघू नका, आतला दात ठणकतो आणि जागा सोडून हलू पण शकतो.

"तीन दिवसांत दात" वाल्या जाहिराती. इम्प्लांटवर लगेच दात बसवता येतात, खोटं नाहीये, पण सगळ्यांना नाही, आणि लगेच बसवलेले दात बहुतेक वेळा टेम्पररीच असतात. हाडात इम्प्लांट रुजायला साधारण ३ ते ६ महिने जातात. आणि ते "इम्प्लांट म्हणजे आमच्यावर प्रयोग" लिहिणारे काका, स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी पेशंटला पहिलं इम्प्लांट बसवलं १९६५ मध्ये. झाला की प्रयोग. सिगरेट-तंबाखू चालू ठेवलीत तर मात्र फेल व्हायचा धोका वाढतो, तिथे मी काही करू शकत नाही.

खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल आणि सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आहे. पीजीचे विद्यार्थी करतात, सरांच्या देखरेखीखाली, खेपा जास्त होतात, रांग असते, पण टेम्पररीची पायरी तिथे कोणी गाळू देत नाही, सर ओरडतात.

दात खायची सवय असेल तर काम झाल्यावर नाइट गार्ड (रात्री दातांवर चढवायचं प्लास्टिकचं कव्हर) लावायचाच, ड्रॉवरमध्ये नाही, तोंडात.

हां, आणि पहिल्या भेटीला येताना औषधांची यादी आणा. तीन महिन्यांची शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या (त्या स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका, प्लीज), आणि बायकांनी खास करून हाडं ठिसूळ झाल्यावर घेतात ती गोळी किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन. "त्याचा दाताशी काय संबंध" म्हणून कोणी सांगतच नाही. दात काढल्यावर किंवा इम्प्लांटनंतर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो त्या औषधांनी, त्यामुळे प्लॅनच बदलू शकतो. आईची फाइल कपाटात असेल, आत्ताच काढून ठेवा.