आवाज नेमका अडतो कुठे?

श्रोतेहो, नमस्कार.

नोकरीची ऑनलाइन मुलाखत सुरू होते. समोरची मंडळी दिसतात, त्यांचं बोलणं ऐकू येतं, पण आपला आवाज काही त्यांच्यापर्यंत जात नाही. "तुम्ही म्यूटवर आहात," असं ते सांगतात, आणि आपण तर म्यूटवर नसतो! कसाबसा आवाज सुरू होईपर्यंत उमेदवाराचा निम्मा धीर गेलेला असतो. अशा वेळी माणूस स्वतःलाच बोल लावतो, आपल्याला कॉम्प्युटर जमत नाही म्हणतो. मला हे अजिबात पटत नाही. घोळ त्या सेटिंग्जच्या मांडणीतच आहे.

विंडोजचंच घ्या. प्रायव्हसीच्या पानावर माईक वापरायची परवानगी द्यायची. ब्राउझरमधून बोलायचं तर त्या साइटला आणखी वेगळी परवानगी. साउंडच्या पानावर माईक निवडायचा, आणि मीटिंगच्या ॲपमध्ये पुन्हा तोच निवडायचा, कारण त्याची यादी स्वतंत्र. तिथे वेबकॅमचा माईक निवडलेला राहिला, की बाकीचं सगळं बरोबर असूनही हेडफोनचा माईक मुका. काही लॅपटॉपवर तर माईक बंद करायची कळ कीबोर्डवरही असते. आवाज यांपैकी कुठे अडला, हे एका जागी कुठेच दिसत नाही. राग येतो तो याचाच.

बरं, कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज विंडोज आपण होऊन 80 टक्क्यांनी कमी करू शकतं. हे ज्याला माहीत नाही, तो स्पीकर बिघडला असंच समजणार.

ब्लूटूथ हेडफोनबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्यापायी लोक चांगली वस्तू दुकानात परत करतात. गाणी उत्तम वाजतात, आणि कॉल लागताच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. हेडफोन ठीक असतो. गाणी ऐकताना आवाज एकाच दिशेने येतो. हेडफोनचा माईक सुरू झाला की नेहमीचं ब्लूटूथ हँड्सफ्री, म्हणजे आवाज दोन्ही दिशांनी नेणाऱ्या पद्धतीवर जातं, आणि आवाजाचे नमुने, म्हणजे त्याची क्षणाक्षणाची मोजमापं, सेकंदाला 8 किंवा 16 हजारच घेतले जातात. सीडीवर ते 44,100 असतात. नमुने कमी, म्हणून आवाजही डबक. यावर उपाय आहे: ऐकायला हेडफोन ठेवा आणि माईक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा निवडा. बहुतेक वेळा आवाज पुन्हा भरदार होतो.

वायरवाला हेडफोन असेल तर पिनेवरच्या बारीक रिंगा मोजा. दोन असतील तर तो फक्त ऐकण्याचा. माईकवाल्याला तीन असतात.

मी बोलतोय त्या स्टुडिओत प्रत्येक माईकला मीटर आहे, आवाज कुठवर आला हे लगेच दिसतं. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी एवढं द्यायलाच हवं: माईकपासून मीटिंगपर्यंतची वाट एकाच पानावर, आणि अडलेल्या जागी लाल खूण.

तोवर विंडोज 11 मध्ये साउंडच्या पानावर खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज' उघडा, आणि त्यात 'रेकॉर्डिंग'. प्रत्येक माईकसमोर एक उभी पट्टी दिसेल. बोलून बघा. पट्टी हिरवी होऊन वर-खाली झाली, तर माईक आणि वायर ठीक आहेत. अडचण परवानगीत किंवा ॲपमध्ये शोधा. हललीच नाही, तर आधी पिन आणि ती कीबोर्डवरची कळ तपासा.

नमस्कार.