पत्र्याआडची इमारत

[दृश्य: क्लीव्हलंड, ओहायो. युक्लिड अ‍ॅव्हेन्यू आणि ईस्ट नाइन्थ स्ट्रीटचा कोपरा. कॅमेरा फुटपाथवरून हळूहळू वर चढतो.]

ही स्कोफील्ड बिल्डिंग. 14 मजली, 1902 साली पुरी झालेली. लेवी स्कोफील्ड या वास्तुविशारदानं ती बांधली. याच शहराच्या मुख्य चौकातलं सैनिक-नौसैनिकांचं स्मारकही त्याच्याच हातचं. वीट आणि टेराकोटाची, म्हणजे भाजलेल्या मातीच्या नक्षीदार तुकड्यांची, ही इमारत 1969 नंतर सुमारे चाळीस वर्षं क्लीव्हलंडकरांच्या डोळ्यांसमोर होती आणि तरी कुणाला दिसत नव्हती. तिच्यावर नव्या धाटणीचं सपाट आवरण चढवलेलं होतं. त्या वर्षांत इथून रोज ये-जा करणाऱ्या तरुणानं सहज सांगितलं असतं, साठच्या दशकातली एक साधी ऑफिसची इमारत आहे म्हणून. आवरण उतरलं, दुरुस्तीत काही वर्षं गेली आणि 2016 साली इथे हॉटेल सुरू झालं.

अमेरिकेतल्या कित्येक शहरांच्या जुन्या व्यापारी भागात, म्हणजे डाउनटाउनमध्ये, अशा झाकलेल्या इमारती आहेत. काही उघड्या झाल्या. काही पाडल्या गेल्या, आणि आत काय होतं हे पाडतानाच कळलं. ही दुसरी गोष्ट मनाला फार लागते, कारण ती टाळता येते.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. मुख्य रस्ता, दुकानांच्या पाट्या, ट्राम.]

या इमारती झाकल्या का? दोष देण्याआधी त्या मालकांची अडचण समजून घेऊ.

सुरुवात मंदीत झाली. 1934 च्या नॅशनल हाउसिंग अ‍ॅक्टमुळे दुरुस्ती आणि नूतनीकरणाच्या कर्जांना सरकारी हमी मिळू लागली. पुढच्याच वर्षी लिबी-ओवेन्स-फोर्ड या काच कंपनीनं दुकानांच्या नव्या दर्शनी भागांसाठी वास्तुविशारदांची स्पर्धा भरवली. तिचं नाव 'मॉडर्नाइझ मेन स्ट्रीट'. काळी, हिरवी, मोतिया अशी चकचकीत व्हिट्रोलाइट काच जुन्या भिंतींवर चढू लागली. पण ते काम बहुतेक तळमजल्यापुरतं होतं. वरचे मजले वाचले.

ते गेले महायुद्धानंतर. विमानांसाठी वाढवलेलं अ‍ॅल्युमिनियमचं उत्पादन आता बाजार शोधत होतं. त्यातच 1956 साल आलं. त्या वर्षी आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी मिनेसोटातल्या इडायना इथे साउथडेल हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. गिऱ्हाईक गाडीत बसून शहराबाहेर निघालं. मुख्य रस्त्यावरच्या दुकानदाराकडे उरली जुनी इमारत. कॉर्निसचे, म्हणजे माथ्यावरच्या बाहेर झुकलेल्या कडेचे, तुकडे निखळतायत, खिडक्यांच्या लाकडाला दरवर्षी रंग हवा, आणि वरच्या मजल्यांना भाडेकरू नाही. एअर कंडिशनर आल्यामुळे खिडक्यांची गरजही संपल्यासारखी वाटत होती. अशा वेळी कुणी येऊन सांगितलं की पत्र्याचा एक पडदा लावू, सगळं झाकलं जाईल, वर दुकानाची मोठी पाटी बसेल, मॉलसारखं नवंकोरं दिसेल, तर तो नाही कसं म्हणणार?

हॉटेलांची गत याहून वाईट झाली. डाउनटाउनचं हॉटेल रेल्वे स्टेशनच्या भरवशावर उभं असायचं. फिरते विक्रेते आगगाडीनं येत, नमुन्यांच्या पेट्या घेऊन खोल्या घेत. लग्नं आणि मेजवान्या याच हॉटेलांच्या दिवाणखान्यांत होत. 1952 साली मेम्फिसजवळ केमन्स विल्सननं पहिलं हॉलिडे इन उघडलं. गाडी खोलीच्या दारात लावा आणि झोपा. त्यानंतर डाउनटाउनच्या बऱ्याच हॉटेलांच्या नशिबी स्वस्त भाड्याच्या खोल्या, मग टाळं, नाहीतर पत्र्याचा पडदा आला.

[दृश्य: परांचीवरून जवळून. विटांच्या भिंतीतली गोल भोकं, एका रांगेत.]

आता जरा जवळ जाऊ. पत्रा नुसता टांगता येत नाही. आधी भिंतीवर लोखंडी अँगलची चौकट बोल्टनं ठोकतात, मग तिच्यावर पत्रे बसतात. चौकट सपाट बसायची तर भिंतही सपाट हवी. जुन्या इमारतीची भिंत सपाट कधीच नसते. खिडकीवर कमान पुढे आलेली, मजल्यामजल्यावर पट्टा, माथ्यावर हातभर बाहेर झुकलेली कॉर्निस. मग जे आड येईल ते छिन्नीनं उडवलं.

ही भिंत बघा. खिडकीच्या डोक्यावर एक खडबडीत पांढरट पट्टा दिसतो. तिथे टेराकोटाची पानं होती. छाटलेल्या कडेला झिलईचा थर नखाएवढा जाड सुद्धा नाही, आणि आत नुसती भाजलेली माती. ती झिलई पाणी अडवत होती. ती फुटली आणि माती उघडी पडली. पडद्यामागे शिरलेलं पाणी वाळायला वाव नाही, वारा नाही. आतले लोखंडी आकडे गंजले. गंजलेलं लोखंड फुगतं, आणि फुगताना आपण धरून ठेवलेला टेराकोटा स्वतःच फोडतं. शिवाय कबुतरांची पिढ्यान्‌पिढ्यांची घाण.

पण दर वेळी असंच होत नाही. काही ठिकाणी कंत्राटदारानं फार तोडफोड केली नाही, चौकट भिंतीपासून थोडी दूर ठेवली. मग त्याच पडद्यानं धूर, काजळी आणि पाऊस अडवला आणि मागची नक्षी वाचवली. कोणत्या इमारतीचं नशीब कसं, हे बाहेरून कळत नाही. म्हणून शोध घ्यावा लागतो, आणि या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच आहे.

[दृश्य: मागची गल्ली. विटांची भिंत, बुजवलेल्या खिडक्या. मग एका टेबलावर पसरलेले रंगीत नकाशे.]

शोध मागच्या गल्लीतून सुरू होतो. पडद्यावर पैसा खर्च झाला तो रस्त्याच्या बाजूला. मागची भिंत कुणी झाकली नाही. विटेचा आकार, खिडक्यांची उंची, मजल्यांची संख्या इथे वाचता येते. मग आत, वरच्या रिकाम्या मजल्यावर. तिथे जुन्या खिडक्या अजून चौकटीत असतात, काचा शाबूत, आणि काचेपलीकडे प्रकाशाऐवजी पत्र्याची मागची बाजू. कमान आतून दिसली की बाहेरही ती होती हे नक्की.

कागदपत्रांत सर्वांत कामाचे सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे. आगीच्या विम्यासाठी एकोणिसाव्या शतकापासून काढलेले. त्यात प्रत्येक इमारत आहे, मजले आहेत, आणि बांधकाम रंगानं दाखवलंय: विटेला गुलाबी, लाकडाला पिवळा. हॉटेलांच्या बाबतीत एक जास्तीची सोय आहे, पोस्टकार्डं. हॉटेलवाले आपल्या इमारतीचं चित्र छापून पाहुण्यांना देत, आणि ती कार्डं आज संग्राहकांच्या खोक्यांत सापडतात. चित्र रंगवलेलं असल्यानं रंगावर फार विसंबू नये, पण कॉर्निसखाली किती ब्रॅकेट, म्हणजे आधाराचे तुकडे, होते हे त्यावर मोजता येतं.

शेवटी एक-दोन पत्रे काढून बघायचं. या कामावर होणारा खर्च पाडकामाच्या मानानं किरकोळ असतो. तो न करता पाडकामाचा परवाना मागणाऱ्या मालकाला अडवलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

[दृश्य: ह्यूस्टन, टेक्सस. मेन स्ट्रीटवरचं उंच हॉटेल.]

ह्यूस्टनमधली ही कार्टर बिल्डिंग. लाकडाच्या धंद्यातले सॅम्युएल कार्टर यांनी 1910 साली 16 मजले बांधले, तेव्हा लोकांनी याला कार्टरचा खुळेपणा म्हटलं. पुढे 1920 च्या दशकात वर आणखी सहा मजले चढले. 1960 च्या दशकात तिच्यावर संगमरवराचं आवरण आलं. ते उतरवून 2014 साली इथेही हॉटेल सुरू झालं. हॉटेलच का? जुन्या ऑफिस इमारती रस्त्यापासून आत फार लांबवर पसरलेल्या नसतात, मधे चौक किंवा प्रकाशाची पोकळी असते, त्यामुळे प्रत्येक खोलीला खिडकी मिळते. आजच्या ऑफिसांना लागतात तसे विस्तीर्ण मोकळे मजले या इमारतींत निघत नाहीत, पण पाहुण्यांच्या खोल्या बरोबर बसतात.

[दृश्य: कारखाना. ओल्या मातीचा साचा, भट्टी.]

गेलेली नक्षी परत कशी येते? शाबूत राहिलेल्या तुकड्यावरून साचा घेतात. माती वाळताना आणि भाजताना आकसते, म्हणून मूळ तुकड्याहून साचा मुद्दाम मोठा करावा लागतो. हिशेब चुकला तर तुकडा जागेवर बसतच नाही. अमेरिकेत हे काम करणारे कारखाने आता मोजकेच. कॅलिफोर्नियातल्या लिंकन गावचं ग्लॅडिंग, मॅकबीन 1875 पासून चालू आहे, आणि न्यूयॉर्क राज्यात बॉस्टन व्हॅली टेराकोटा. पैसा कमी असेल तर फायबरग्लास किंवा काचतंतूंचं काँक्रीट वापरतात. दहाव्या मजल्यावर ते खपून जातं. हात लागेल अशा उंचीवर मात्र खरी मातीच हवी.

विटांच्या सांध्यांत चुन्याचा मसाला भरायचा, कडक सिमेंट नको. सिमेंट विटेहून कठीण झालं की ताण विटेवर येतो आणि तिचा दर्शनी पापुद्रा उडतो. वाळूच्या फवाऱ्यानं भिंत धुणं तर सरळ मनाई.

[दृश्य: कागदपत्रं, शिक्के.]

या सगळ्याला पैसा लागतो, आणि इथे कायदा मधे येतो. ऐतिहासिक ठरलेल्या, उत्पन्न देणाऱ्या इमारतीच्या पुनर्वसनावर होणाऱ्या पात्र खर्चाच्या 20 टक्के इतकी सूट केंद्रीय करात मिळते. 2017 च्या बदलानंतर ती पाच वर्षांत विभागून मिळते. पण ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा नियम असा की खोट्या दर्शनी भागानं झाकलेली इमारत आपलं ऐतिहासिक रूप दाखवू शकत नाही, म्हणून ती पात्र नाही. आवरण काढून मूळ बांधकाम शाबूत निघालं तरच फेरविचार. म्हणजे पहिला धोका मालकानं आपल्या खिशातून पत्करायचा. नियमामागचं कारण मला पटतं, पण छोट्या गावातला दुकानदार इथेच थांबतो. पत्रे काढून बघण्यापुरती मदत स्थानिक पातळीवर मिळते तिथे कामं पुढे सरकतात.

अशा पुनर्वसनासाठी असलेल्या सरकारी मानकांतली एक अट मला फार मोलाची वाटते. हरवलेला भाग परत करायचा तर त्याला पुरावा हवा: कागद, छायाचित्र किंवा भिंतीवरची खूण. अंदाजानं शोभा वाढवायची नाही. पुरावा नसेल तिथे साधा भाग ठेवावा.

[दृश्य: सॅन फ्रान्सिस्को, मार्केट स्ट्रीट.]

सॅन फ्रान्सिस्कोची क्रॉनिकल बिल्डिंग 1890 ची, बर्नहॅम आणि रूट यांची. तिचा घड्याळाचा मनोरा 1905 साली निवडणुकीच्या जल्लोषात उडवलेल्या आतषबाजीच्या बाणांनी पेटून गेला. 1906 चा भूकंप आणि आग तिनं सोसली. आणि 1962 साली वर पत्रे ठोकले गेले. 2007 पर्यंत ती पुन्हा उघडी झाली, पण डोक्यावर आठ नवे मजले घेऊन. त्या मजल्यांच्या विक्रीतूनच कामाचा खर्च भागायचा होता. वीट पुन्हा दिसावी यासाठी ही किंमत मला मान्य आहे, मात्र नवे मजले मागे सरकवले असते तर बरं झालं असतं.

आता एक नवीन पेच उभा राहतोय. नोंदवहीत साधारण 50 वर्षं जुन्या गोष्टींचा विचार होतो, आणि साठच्या दशकातले पत्रे ती मर्यादा कधीच ओलांडून गेले. मानकंच सांगतात की नंतरच्या बदलांना स्वतःचं ऐतिहासिक महत्त्व आलं असेल तर ते जपावेत. बहुतेक पत्रे कारखान्यातला तयार माल आहेत, ते उतरवायला हरकत नाही. पण काही पडदे विचारपूर्वक रचलेले आहेत. जाळीची नक्षी, रंगीत एनॅमल, एखाद्या चांगल्या वास्तुविशारदाचं रेखाटन. त्यांचा निर्णय इमारतीगणिक, मागची भिंत किती उरली आहे ते बघूनच घ्यावा लागेल. उतरवायचं ठरलं तरी आधी त्याची मोजमापं आणि छायाचित्रं व्हावीत, आणि एक पत्रा चौकटीसकट शहराच्या संग्रहालयात ठेवावा.