हर्मन मायर, फ्लाखाऊचा गवंडी

नमस्कार मंडळी. आज बर्फावरच्या स्की रेसिंगबद्दल बोलायचंय, आणि तेही एकाच माणसाबद्दल, ऑस्ट्रियाच्या हर्मन मायरबद्दल. ज्यांनी त्याचं नाव ऐकलंय त्यांना बहुतेक 1998चं नागानो ऑलिंपिकच आठवतं. डाउनहिल म्हणजे उभ्या उतारावरून एकदाच सुसाट खाली यायचं, ताशी 100 किलोमीटरच्या वर स्पीड, आणि त्यात मायर एका वळणावर हवेत उडाला, आडवा होऊन आपटला, सेफ्टीची कुंपणं तोडून पलीकडे बर्फात जाऊन पडला. बघणाऱ्यांना वाटलं संपला हा. तीन दिवसांनी त्याच माणसाने सुपर-जीचं, म्हणजे डाउनहिलपेक्षा जरा जास्त वळणांच्या रेसचं, गोल्ड जिंकलं आणि अजून तीन दिवसांनी त्याहून जास्त वळणांच्या जायंट स्लॅलमचंही.

पण मला विचाराल तर त्याची खरी कमाल त्याच्या आधीची आणि नंतरची आहे.

हा फ्लाखाऊ गावचा, आईवडिलांची स्की शिकवायची शाळा. 15व्या वर्षी श्लाडमिंगच्या स्की अकादमीने त्याला घरी पाठवलं, कारण अंगाने बारीक, गुडघे दुखायचे. मग काय, उन्हाळ्यात गवंडीकाम, विटा रचायच्या, प्लास्टर करायचं, आणि हिवाळ्यात लोकांना स्की शिकवायचं, असं वर्षानुवर्षं चाललं, आणि तरी पोराने रेसिंग काही सोडलं नाही. वर्ल्ड कप म्हणजे हिवाळाभर वेगवेगळ्या गावांत होणाऱ्या रेसची मालिका, जानेवारी 1996मध्ये त्यातली एक रेस त्याच्याच गावात आली. रेस सुरू व्हायच्या आधी ट्रॅक चालू करून द्यायला काही जणांना खाली सोडतात, त्यांचा टाइम निकालात धरत नाहीत. त्यांच्यात मायर होता, आणि त्याचा टाइम धरला असता तर तो बारावा आला असता! तेव्हा कुठे त्याच्याकडे लक्ष गेलं, वय 23. या खेळात हे वय म्हणजे फारच उशीर हो.

पुढचं मात्र भराभर झालं. 1997ला पहिला विजय, 1998ला वर्ल्ड कपचं ओव्हरऑल टायटल, म्हणजे सीझनभरच्या सगळ्या प्रकारच्या रेसचे पॉइंट्स मिळून पहिला, परत 2000 आणि 2001ला. 1999-2000च्या सीझनमध्ये त्याने बरोब्बर 2000 पॉइंट्स केले, आणि पुरुषांमधला तो रेकॉर्ड मोडायला 2023 उजाडलं, स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाटने मोडला.

आणि ऑगस्ट 2001मध्ये घराजवळच त्याच्या मोटरसायकलला कारची धडक बसली. उजव्या पायाची अशी अवस्था की पाय कापावा लागतो की काय इथपर्यंत गोष्ट गेली होती. आत टायटॅनियमचा रॉड घातला. 2002चं ऑलिंपिक गेलं, सगळा सीझन गेला.

जानेवारी 2003मध्ये स्वित्झर्लंडच्या आडेलबोडेनला जायंट स्लॅलमच्या रेसमध्ये तो परत उभा राहिला. जायंट स्लॅलमला दोन फेऱ्या असतात, पहिल्या फेरीतले पहिले 30 जणच दुसरीत जातात, आणि हा त्या तिसात बसला नाही. लोक हळहळले. पण त्याच महिन्यात किट्झब्यूलला, जिथे प्रत्येक ऑस्ट्रियन स्कीयरला जिंकायचं असतं तिथे, त्याने सुपर-जी जिंकली. विचार करा, रॉड घातलेला पाय, वळणावर सगळ्या अंगाचा भार त्याच पायावर, आणि खाली कडक बर्फ. मला तर नागानोपेक्षा ही रेस कितीतरी मोठी वाटते.

पुढे 2004ला चौथ्यांदा ओव्हरऑल टायटल घेतलं, आणि 2005ला बोर्मिओच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये गोल्ड, तेही जायंट स्लॅलममध्ये, ज्यात आडेलबोडेनला त्याला दुसरी फेरीसुद्धा मिळाली नव्हती.